व्हिसोकाच्या तळ्यातली रुसाल्का

मुलांनो, आज युरोपचा नकाशा समोर घ्या बघू. जर्मनी सापडला? त्याच्या उजव्या अंगाला, चारही बाजूंनी दुसऱ्या देशांनी वेढलेला एक छोटा देश दिसेल. त्याचं नाव चेक प्रजासत्ताक. या देशाला समुद्रकिनारा नाही, अगदी हातभरसुद्धा नाही. पण नद्या, ओढे, तळी मात्र चिक्कार! आणि जिथं पाणी तिथं पाण्यात राहणारं कुणीतरी, असं तिथली जुनी माणसं मानायची. त्या ‘कुणीतरी’ला भेटायला आपण आज निघालोय. बरोबर फार सामान नको, फक्त कान उघडे ठेवा. कारण ही पाण्यातली मंडळी आता तळ्यात कमी आणि नाटकगृहात जास्त भेटतात.

पहिला मुक्काम प्राग. ही चेक देशाची राजधानी. शहराच्या मधोमध व्ल्तावा नदी वाहते. ४३० किलोमीटर लांबीची ही त्या देशातली सगळ्यांत लांब नदी. प्रागचा तो प्रसिद्ध दगडी पूल, चार्ल्स पूल, याच नदीवर आहे. पुलावरून पलीकडच्या काठाला गेलं, की काम्पा नावाचं बेट लागतं. बेट आणि काठ यांच्यामधून पाण्याचा एक अरुंद पाट जातो. त्याचं नाव चेर्तोव्का, म्हणजे ‘सैतानीण’! पाटावर पाणचक्कीचं मोठं लाकडी चाक आहे आणि चाकाजवळ एक ठेंगणा म्हातारबा बसलेला आहे. घाबरू नका, पुतळा आहे तो. हा वोद्निक.

चेक भाषेत ‘वोदा’ म्हणजे पाणी. वोदात राहतो तो वोद्निक. आपण पूजेच्या वेळी ‘उदक’ म्हणतो ना? वोदा आणि उदक हे शब्द फार फार जुन्या काळी एकाच मुळातून निघालेले आहेत. म्हणजे इतक्या लांब येऊनही शब्द ओळखीचाच निघाला की नाही?

तर हा वोद्निक म्हणजे पाण्याचा राखणदार. अंगात हिरवा कोट आणि कोटाचं एक टोक कायम ओलं. बाजाराच्या गर्दीत तो साध्या माणसासारखा हिंडतो म्हणे, पण कोटाच्या टोकातून पाणी टपकायला लागलं, की समजायचं, हाच तो! रात्री चांदण्यात तो काठावरच्या झाडावर बसतो. पाण्याखाली त्याचं घर असतं. घरात फळीवर ओळीनं झाकणाची मडकी मांडलेली. त्या मडक्यांत काय असतं ठाऊक आहे? बुडून मेलेल्या माणसांचे आत्मे! कुणी झाकण उघडलं, तर आत्मा बुडबुडा होऊन वर जातो आणि सुटतो.

ऐकून अंगावर काटा आला ना? आईबापांना तेच हवं होतं. पाणचक्कीजवळचं पाणी खोल असतं, त्याला भोवरे असतात. लहान मुलांनी तिकडं जाऊ नये, म्हणून हा हिरवा म्हातारा काठावर बसवून ठेवलेला. आपल्याकडे विहिरीपाशी आणि डोहापाशी साती आसरांच्या गोष्टी सांगतात, त्यामागंही मोठ्यांची हीच काळजी असते.

वोद्निकची मंडळी पूर्वेकडंही आहेत, पार युक्रेन आणि रशियापर्यंत. चेक, पोलिश, युक्रेनी, रशियन या सगळ्या भाषा एकाच घराण्यातल्या. त्यांना स्लाव भाषा म्हणतात. या मुलखांत पाण्यातल्या मुलीला ‘रुसाल्का’ असं नाव आहे. पूर्वेकडच्या गोष्टींत रुसाल्का म्हणजे पाण्यात बुडून किंवा अकाली मेलेली मुलगी. केस लांब आणि मोकळे, हातात फणी. उन्हाळ्याच्या सुरुवातीला एक आठवडा ‘रुसाल्कांचा आठवडा’ म्हणून पाळायचे. त्या दिवसांत रुसाल्का पाण्यातून बाहेर येतात, बर्च झाडाच्या फांद्यांवर झोके घेतात, शेतांतून नाचतात. लोक त्या आठवड्यात नदीत पोहत नसत. कारण रुसाल्कानं एखाद्याला धरलं, तर ती काय करते माहीत आहे? गुदगुल्या! माणूस हसून हसून मरेपर्यंत गुदगुल्या! पण त्या नाचल्या त्या शेतात पीक चांगलं येतं, असंही लोक मानायचे. म्हणजे पाण्यासारख्याच त्या. जपलं तर जीवन, नाहीतर घात.

आता प्राग सोडून आपण नैऋत्येला जाऊ. साठएक किलोमीटरवर पर्झीब्राम नावाचं गाव आहे. हे जुन्या चांदीच्या खाणींचं गाव. इथल्या एका खाणीची विहीर १८७५ साली एक हजार मीटर खोल गेली. इतकी खोल गेलेली ती जगातली पहिली खाण! या पर्झीब्रामजवळ व्हिसोका नावाचं एक खेडं आहे. भोवती टेकड्या आणि गर्द झाडी. गावात एका उमरावाचा बंगला आहे. थोड्या अंतरावर एक दुसरं, साधंसं घर आहे. त्याचं नाव ‘रुसाल्का’. आणि झाडीत एक लहानसं तळं आहे. लोक त्यालाही रुसाल्काचं तळं म्हणतात.

या साध्या घरात उन्हाळ्यात एक दाढीवाले गृहस्थ राहायचे. पहाटे उठून रानात फिरायचे, पाखरांचं ऐकायचे, बागेत खपायचे, कबुतरं पाळायचे. संध्याकाळी खाणकामगारांबरोबर गप्पा मारत बसायचे. आगगाडीचं वेड तर इतकं, की प्रागला असले की स्टेशनवर जाऊन इंजिनं बघत उभे राहायचे. गावातल्या कुणाला सांगूनही खरं वाटलं नसतं, की हे गृहस्थ जगातले एक थोर संगीतकार आहेत. त्यांचं नाव अंतोनीन द्वोर्झाक.

द्वोर्झाक यांचा जन्म १८४१ साली नेलाहोझेवेस या व्ल्तावाकाठच्या खेड्यात झाला. वडील खाटीक होते आणि खानावळही चालवायचे. तरुणपणी द्वोर्झाक प्रागच्या नाटकगृहात व्हायोला वाजवायचे. व्हायोला म्हणजे व्हायोलिनची जरा थोराड बहीण. पुढं त्यांचं नाव झालं. १८९२ ते १८९५ या काळात ते न्यूयॉर्कमधल्या संगीत विद्यालयाचे संचालक होते. १८९३ मधली त्यांची ‘नव्या जगाची’ सिंफनी आजही जगभर वाजते. पण मन रमायचं ते व्हिसोकात. त्या उमरावाच्या, म्हणजे आपल्या साडूच्या, मालकीची एक जुनी इमारत विकत घेऊन १८८४ मध्ये त्यांनी हे घर करून घेतलं होतं.

१९०० साली द्वोर्झाक यांच्या हातात एक ऑपेरा आला. ऑपेरा म्हणजे काय? आपल्या संगीत नाटकात पात्रं बोलतात आणि मधूनमधून पदं गातात. ऑपेरात बहुतेक सगळंच गाऊन सांगायचं. ‘पाणी दे’ म्हणायचं असलं तरी गाऊनच! समोर खाली वादकांचा मोठा ताफा बसलेला असतो. याक्वोब नव्हे, यारोस्लाव क्वापिल नावाच्या तरुण कवीनं हे नाटक लिहिलं होतं. कारेल एर्बेन आणि बोझेना नेम्त्सोव्हा या दोघांनी लोकांच्या तोंडच्या जुन्या गोष्टी गोळा करून ठेवल्या होत्या. त्या गोष्टींचं वारं क्वापिलच्या लेखणीत होतं. शिवाय डेन्मार्कच्या अँडरसनची छोटी जलपरीही त्याच्या मनात होती. नाटकाचं नाव ‘रुसाल्का’. द्वोर्झाक यांनी एप्रिलमध्ये संगीत रचायला घेतलं आणि नोव्हेंबरमध्ये पुरं केलं. त्या तळ्याकाठच्या झाडीत हिंडता हिंडता त्यांना या ऑपेराचे सूर सुचले, असं सगळे सांगतात.

आता गोष्ट ऐका.

रात्रीची वेळ. तळ्यावर चांदणं पडलंय. म्हातारा वोद्निक पाण्यातून डोकं वर काढतो. पण या गोष्टीतला वोद्निक भीती घालणारा नाही बरं का, काळजी करणारा बाप आहे. त्याची मुलगी रुसाल्का उदास बसलीय. एक राजपुत्र तळ्यात पोहायला येतो. रुसाल्का लाट होऊन त्याला कवेत घेते, पण त्याला ती दिसतच नाही. त्याला फक्त पाणी दिसतं. म्हणून तिला माणूस व्हायचंय. बाप म्हणतो, नको पोरी, माणसांत जाऊ नकोस. पण ती ऐकत नाही. ती चंद्राकडं बघून गाणं गाते. ‘तू सगळीकडं फिरतोस, सगळ्यांच्या घरांत डोकावतोस, तर त्याला माझा निरोप सांग,’ असा त्या गाण्याचा अर्थ. आधी हार्प नावाचं तंतुवाद्य वाजतं, जणू पाण्यावर चांदणं सांडतंय, आणि मग आवाज हळूहळू वर चढतो. या ऑपेरातलं सगळ्यांत प्रसिद्ध गाणं तेच.

मग रुसाल्का येझीबाबाकडं जाते. नाव ऐकून फसू नका. स्लाव भाषांत ‘बाबा’ म्हणजे म्हातारी! ही रानातली चेटकीण. ती म्हणते, तुला माणूस करते. पण दोन अटी. एक, माणसांत गेल्यावर तुला बोलता येणार नाही. दुसरी, त्याचं प्रेम आटलं, तर तूही शापित होशील आणि त्याचाही नाश होईल. रुसाल्का कबूल होते.

राजपुत्र तिला रानात बघतो आणि वाड्यावर नेतो. लग्नाची तयारी सुरू होते. पण ही मुलगी बोलत नाही, हसून चार शब्द सांगत नाही. राजपुत्र हळूहळू कंटाळतो. पाहुणी आलेली एक परदेशी राजकन्या मात्र फटाफट बोलते. राजपुत्राचं मन तिकडं वळतं. भर समारंभात तो रुसाल्काला दूर लोटतो. आणि गंमत म्हणजे ती राजकन्याही त्याला झिडकारून निघून जाते.

रुसाल्का तळ्यावर परत येते, पण आता ती धड पाण्यातली नाही आणि धड माणसांतली नाही. येझीबाबा तिच्या हाती सुरी देते. ‘त्याचं रक्त सांड, तू सुटशील.’ रुसाल्का सुरी पाण्यात फेकून देते. शेवटी पस्तावलेला राजपुत्र तिला शोधत येतो. ती त्याला सावध करते, की माझ्या जवळ आलास तर मरशील. तो म्हणतो, चालेल. तिच्या मिठीतच तो प्राण सोडतो. ती त्याच्यासाठी देवाची करुणा भाकते आणि एकटीच खोल पाण्यात परत जाते.

आता यातली एक अवघड गंमत तुमच्या लक्षात आली का? ऑपेरात सगळं गाऊन सांगायचं, आणि इथं नायिकाच मुकी! दुसऱ्या अंकात माणसांसमोर तिला एक शब्दही गाता येत नाही. मग तिच्या मनातलं कळायचं कसं? द्वोर्झाक यांनी काय केलं, रुसाल्काची म्हणून एक सुरावट ठरवली. ती मुकी उभी असते तेव्हा वादक ती सुरावट छेडतात. कधी आशेनं, कधी घाबरून, कधी रडवेली होऊन. राजपुत्राला ती ऐकू येत नाही. आपल्याला येते. आपला जीव नुसता तुटतो, की अरे, ऐक ना जरा!

ही गोष्ट मी आमच्या चौथीच्या वर्गात सांगितली. मुलांनी प्रश्नांची फैर झाडली. ‘बाई, तिनं पाटीवर लिहून का नाही सांगितलं?’ ‘बाई, खुणा करता येत नव्हत्या का?’ एक जण म्हणाला, ‘चूक तिचीच आहे. बापाचं ऐकायला पाहिजे होतं.’ त्यावर दोन तट पडले. चांगलाच वाद झाला. वर्गात तांड्यावरून येणारी एक मुलगी आहे. घरी ती गोरमाटी बोलते. शाळेत आली तेव्हा तीही बरेच दिवस गप्प असायची. ती उभी राहिली आणि म्हणाली, ‘बाई, सगळं तिनंच का सोडायचं? राजपुत्रानं पाण्याची भाषा शिकायला पाहिजे होती.’ वर्ग एकदम शांत झाला. मलाही पुढं काही सांगायचं उरलं नाही.

तिचं म्हणणं प्रागच्या लोकांना लगेच पटलं असतं. का, ते सांगते. त्या काळी चेक मुलूख ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता. कचेरीत जर्मन, मोठ्या शाळांत जर्मन, शहरातल्या मोठ्या नाटकगृहांतही जर्मनचा मान. चेक ही खेड्यापाड्यांतल्या लोकांची बोली, असं मोठे लोक समजायचे. चार मोठ्या माणसांत बसायचं तर आपली भाषा दाराबाहेर ठेवून यायची. रुसाल्काचाच सौदा की नाही हा?

लोकांनी ठरवलं, आपल्या भाषेचं नाटकगृह आपणच बांधायचं. वर्गणी गोळा झाली. शेतकऱ्यांनी दिली, मजुरांनी दिली. १८६८ साली पायाभरणी झाली, तेव्हा देशभरच्या ठिकाणांहून पायाचे दगड आणले होते. ११ जून १८८१ या दिवशी व्ल्तावाच्या काठावर राष्ट्रीय नाट्यगृह उघडलं. आणि १२ ऑगस्टला त्याला आग लागली! सगळ्यांच्या डोळ्यांदेखत छत, पडदा, रंगमंच जळून गेलं. लोक रडत बसले का? छे! अवघ्या ४७ दिवसांत दहा लाख गुल्डनची वर्गणी पुन्हा जमली. १८ नोव्हेंबर १८८३ रोजी नाट्यगृह पुन्हा उघडलं. रंगमंचाच्या वर सोनेरी अक्षरांत दोनच शब्द आहेत. त्यांचा अर्थ, ‘राष्ट्राकडून स्वतःला’.

त्याच रंगमंचावर ३१ मार्च १९०१ या दिवशी ‘रुसाल्का’ पहिल्यांदा उभी राहिली. रुझेना मातुरोव्हा या गायिकेनं ती भूमिका केली. तळ्याकाठी म्हाताऱ्याकोताऱ्या ज्या भाषेत वोद्निकच्या गोष्टी सांगायच्या, त्याच भाषेत तो वोद्निक भरल्या नाट्यगृहात गायला. लोकांना ऑपेरा फार आवडला.

द्वोर्झाक यांची स्वतःचीही एक गोष्ट आहे. त्यांचं संगीत छापणारा प्रकाशक जर्मन होता. तो त्यांचं नाव ‘आन्टोन’ असं जर्मन पद्धतीनं छापायचा. द्वोर्झाक म्हणायचे, माझं नाव अंतोनीन आहे. दोघांत बरीच ओढाताण झाली. शेवटी तोड निघाली ती अशी, की नाव अर्धंच छापायचं, नुसतं ‘आन्ट.’! वाचणाऱ्यानं पुढचं आपापलं वाचावं. एवढ्याशा दोन अक्षरांसाठी इतका हट्ट का, असं कुणी म्हणेल. पण तुमचं नाव कुणी रोज चुकीचं घेतलं, तर तुम्हाला चालेल का?

निघण्याआधी रुसाल्काच्या पूर्वेकडच्या बहिणींनाही भेटून घेऊ. रशियाच्या दार्गोमिझ्स्की यांनी १८५६ मध्येच ‘रुसाल्का’ नावाचा ऑपेरा रचला होता. पुश्किन या थोर कवीच्या अपुऱ्या राहिलेल्या नाटकावरून तो घेतला होता. त्यातली नायिका चक्कीवाल्याची गरीब मुलगी. राजकुमार तिला सोडून श्रीमंत घरात लग्न करतो. ती नीपर नदीत उडी घेते आणि रुसाल्का होते. तिचा बाप दुःखानं वेडा होतो आणि स्वतःला डोमकावळा समजायला लागतो. नीपर नदी नकाशात शोधा, युक्रेनमधून वाहत काळ्या समुद्राला मिळते.

आणखी वर उत्तरेला नोव्हगोरोद शहर आहे. तिथला साद्को हा गरीब गवई इल्मेन सरोवराकाठी वाद्य वाजवत बसायचा. त्याच्यावर समुद्रराजाची मुलगी भाळली. तिचं नाव व्होल्खोव्हा. शेवटी ती काय झाली म्हणता? नदी! इल्मेन सरोवरातून निघणारी व्होल्खोव्ह नदी म्हणजे तीच, अशी कथा. रिम्स्की-कोर्साकोव्ह यांनी यावर ‘साद्को’ हा ऑपेरा रचला. १८९८ मध्ये मॉस्कोत त्याचा पहिला प्रयोग झाला. रचणारा स्वतः तरुणपणी आरमारात होता, त्यामुळं त्याच्या संगीतात समुद्र खराखुरा उसळतो. आणि त्यात आपलाही एक माणूस आहे बरं का! नोव्हगोरोदच्या बंदरात तीन देशांचे व्यापारी येतात आणि आपापल्या देशाचं गाणं गातात. त्यांतला एक हिंदुस्थानचा. आमच्याकडं गुहांत हिरे आणि समुद्रात मोती किती, ते मोजता येत नाहीत, असं तो सांगतो. ते गाणं जगभर गाजलं.

बघा, एकीनं आवाज दिला, एकीनं जीव दिला, एक तर नदीच होऊन गेली. माणसांत येण्यासाठी पाण्यातल्या मुलींनी केवढी किंमत मोजली! या गोष्टी फार वर्षं टिकल्या, कारण त्या पाण्याइतक्याच माणसांबद्दल आहेत. कुणीतरी नवं माणूस आपल्यात येतं. त्याची बोली वेगळी, रीत वेगळी. ते गप्प उभं राहतं. आपण म्हणतो, याला काही येत नाही. पण त्याची सुरावट आत वाजतच असते.

द्वोर्झाक १ मे १९०४ रोजी वारले. व्हिसोकातल्या त्या उमरावाच्या बंगल्यात आता त्यांचं स्मारक-संग्रहालय आहे. तळंही आहे आणि झाडीही आहे. कुठं ‘रुसाल्का’चं चंद्राचं गाणं ऐकायला मिळालं, तर दिवा मालवून, डोळे मिटून ऐका. शब्द कळणार नाहीत. कळायची गरजही पडणार नाही.

आणि एक काम. तुमच्या गावच्या नदीची, विहिरीची, डोहाची गोष्ट आजीला किंवा आजोबांना विचारा. एर्बेन आणि नेम्त्सोव्हा यांनी तेच केलं होतं. गोष्ट वहीत उतरवून घ्या, पण एक अट. शब्द त्यांचेच ठेवायचे. अहिराणी असो, मालवणी असो, वऱ्हाडी, गोरमाटी की कोरकू असो, सुधारून पुस्तकी करायचं नाही. वर्गात वाचून दाखवा. आणि वर्गात कुणी गप्प बसणारं असेल, तर त्यालाच आधी विचारा, ‘तुझ्या घरी पाण्याला काय म्हणतात रे?’